छप्पन्न पौंड

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता नाही. ऐकलंय असं कुणी म्हणालं, तर तो माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा आमच्या गल्लीतला आहे. ती चौदा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळली आणि सगळ्यात वर गेली तेव्हा जगात दोनशे चौदावी होती. दोनशे चौदावी म्हटलं की लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. मला त्यांचा राग येतो. तुमच्या पुढं जगात फक्त दोनशे तेरा माणसं असतील असं एक तरी काम तुम्हाला येतं का, हे मी त्यांना विचारत नाही, कारण गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही असं बायकोनं बजावून ठेवलंय.

घरात तिला चिवी म्हणतात. चिवट, म्हणून चिवी. आमचे बाबा एका क्लबच्या मातीच्या कोर्टांची देखभाल करायचे. सकाळी उठून पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्यानं रेषा आखायच्या. मेंबर लोक यायच्या आधी तासभर कोर्ट रिकामं असायचं, तो तास आमचा. जुन्या रॅकेटा, टक्कल पडलेले चेंडू आणि आम्ही दोघं. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तिला खेळायला मीच शिकवलं, हे मी अजूनही चारचौघांत सांगतो आणि ती अजूनही ते ऐकून घेते.

मी पंधरा वर्षांचा आणि ती अकरा वर्षांची असताना एके सकाळी तिनं मला सहा-एक असं हरवलं. तो एक गेमसुद्धा तिनं दयेनं दिला असावा, असा मला संशय आहे. तिच्या फटक्यात जोर असा काही नव्हता. पण मारलेला प्रत्येक चेंडू परत यायचा. कोपऱ्यात मारा, परत. नेटजवळ टाका, धावत येऊन परत. शेवटी माणूस कंटाळून काहीतरी अचरट फटका मारायचा आणि पॉइंट घालवायचा. बाबा रोलरला टेकून बघत होते. ते मला म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस. हिच्यापुढं भिंतसुद्धा आधी दमेल.” मी वाईट वाटून घेतलं. मी टेनिस सोडलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तिनं ते माझ्याकडून सोडवून घेतलं.

पण कोर्टावरून पाय निघत नव्हता. क्लबच्या जिन्याखाली एक म्हातारे गटिंगवाले बसायचे. रॅकेटमध्ये जी जाळी असते, तिला आमच्या धंद्यात गट्स म्हणतात आणि ती ओढून बसवण्याला गटिंग. मी त्यांच्याकडं जाऊन बसायला लागलो. आधी तुटलेले गट्स कापून काढायचे, मग उभे ओढायचे, मग आडवे एक वर एक खाली असे विणत न्यायचे. चाळीस मिनिटांचं काम, पण मधे गट्स ताणून धरणारा मशीनचा चिमटा सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हातारेबुवा जोडाक्षरं गाळून बोलायचे आणि शिव्या मात्र पूर्ण द्यायचे. ते गेल्यावर ती जिन्याखालची जागा मला मिळाली. अजून तिथंच आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून मी बसून असतो.

गटिंगमध्ये सगळा खेळ पौंडांचा. गट्स जास्त पौंडांनी ओढले की ताठ होतात. चेंडू हुकमात राहतो, पण जोर आपल्या हातानं लावावा लागतो आणि दणका थेट कोपरात जातो. कमी पौंडांनी ओढले की गट्स मऊ. हाताला आराम, चेंडू आपणहून लांब उडतो, पण कुठं जाईल त्याचा नेम नाही. प्रत्येक खेळाडूचा एक आकडा ठरलेला असतो. चिवीचा होता छप्पन्न. सतराव्या वर्षी तो ठरला आणि मग हलला नाही. गटिंग झालं की मी एका पांढऱ्या चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहून ती दांड्याच्या वरच्या बाजूला चिकटवायचो. बाहेर पैसे पडतात म्हणून ती सहाही रॅकेटा पुरवून वापरायची आणि गटिंगला माझ्याकडंच आणायची. तिच्या रॅकेटांवर चौदा वर्षं मी छप्पन्न लिहिलं. ‘तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत’ असं तिला कुणी सुनावलं की ती म्हणायची, “मग माझं गटिंग तुम्हीच करा.”

ती सतराव्या वर्षी व्यावसायिक झाली. हा शब्द मोठा दिसतो. प्रत्यक्षात पाठीवर सहा रॅकेटांची पिशवी, हातात कपड्यांची एक, आणि आज या गावात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात, तेही बसनं. छोट्या स्पर्धा, ज्यांत बघायला पाच माणसं आणि त्यांतली तीन समोरच्या मुलीच्या घरची. सोमवारी हरली तर शनिवारपर्यंत पुढच्या गावी जाऊन सरावाला कोर्ट शोधायचं. मोजे बेसिनमध्ये धुवायचे आणि खिडकीच्या कडीला वाळत घालायचे. दुहेरीत तिची जोडीदार एक उंच, डावखुरी मुलगी होती. तिला सगळे लंबू म्हणायचे. दोघी एकाच खोलीत राहायच्या, कारण परवडायचं तेवढंच, आणि लंबूचे पाय पलंगाबाहेर जायचे म्हणून चिवी तिच्या पायांखाली आपली पिशवी लावायची. पुढं लंबूनं लग्न केलं आणि खेळ सोडला. चिवीनं लग्न केलं नाही. आईनं दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “आधी मोठ्या फळ्यावर नाव लागू दे.” आईनं मग विषय काढणं सोडलं, उसासे टाकणं नाही सोडलं.

तो मोठा फळा म्हणजे काय, ते सांगतो. वर्षात चार मोठ्या स्पर्धा होतात, ज्या लोक टीव्हीवर बघतात. त्यांत एकशे अठ्ठावीस जणी खेळतात आणि मैदानाच्या दारात एका भल्यामोठ्या फळ्यावर त्यांची नावं लागतात. दोनशेच्या आसपास असणाऱ्यांना तिथं थेट जागा नसते. त्यांनी आधीच्या आठवड्यात यायचं, मागच्या कोर्टांवर तीन सामने खेळायचे आणि तिन्ही जिंकले तरच आत. चिवी अकरा वेळा गेली. नऊ वेळा पहिल्याच सामन्यात परत आली, दोन वेळा दुसऱ्यात. दर वेळी घरी आल्यावर पिशवी दारात ठेवून म्हणायची, “फळा जागेवरच आहे.” तिनं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. छोट्या स्पर्धांचे सहा चषक तिनं जिंकले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या चषकात आई कपड्यांचे चिमटे ठेवते.

तिसाव्या वर्षी तिचं कोपर दुखायला लागलं. आधी खेळल्यावर, मग खेळताना, मग चहाचा कप उचलताना. हाडांच्या डॉक्टरांकडं मी बरोबर गेलो होतो. त्यांनी कोपर दाबलं, तिनं छताकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, “विश्रांती घ्या. ते जमणार नसेल तर निदान रॅकेटचं गटिंग सैल करा. चार-पाच पौंड तरी.” बाहेर जिन्यात आल्यावर ती मला म्हणाली, “ऐकलंस ना? आता विसर. माझा हात छप्पन्नावर बसलाय. या वयात मी नव्यानं चेंडू मारायला शिकणार नाही.”

“डॉक्टर म्हणतायत म्हणून...”

“डॉक्टरांना सांग, येऊन खेळा माझ्या जागी.”

मी तिला पुढं काही बोललो नाही. बोलून तिच्याकडून काही होत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी दुसरंच केलं. पुढच्या खेपेला तिच्या रॅकेटा आल्या, तेव्हा मशीन पंचावन्नावर लावलं आणि चिठ्ठीवर छप्पन्न लिहिलं. एका पौंडाचा फरक हाताला कळत नाही. तीन आठवड्यांनी चोपन्न. पुन्हा तीन आठवड्यांनी त्रेपन्न. असं करत तीन महिन्यांत मी तिला एक्कावन्नावर आणलं. तिला ताकास तूर लागू दिली नाही. मधे एकदा तिनं गट्सवर तळहात आपटून कान दिला आणि म्हणाली, “आवाज जरा जाड येतोय का रे दादा?” मी म्हणालो, “नवीन रीळ आहे.” इतकं सहज खोटं मी बायकोशीही कधी बोललो नसेन.

आणि कोपराचं दुखणं उतरलं. चहाचा कप उजव्या हातात आला. कुणीतरी तिला ओला टॉवेल पिळायचा व्यायाम सांगितला होता. सगळं श्रेय तिनं त्या टॉवेलाला दिलं. “बघ, पिळून पिळून बरं झालं,” असं सांगत सुटली. आईनं लगेच घरातलं सगळं धुणं तिच्याकडं पिळायला दिलं. मी जिन्याखाली बसून हसायचो. मला वाटायचं, जगात माझ्यासारखा हुशार भाऊ नाही.

त्या वर्षी ती जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. दोनशे चौदा हा आकडा तेव्हाचाच. जुना चिवटपणा होताच, वर चेंडू खोल पडायला लागला होता, अगदी मागच्या रेषेपाशी, समोरचीला मागं रेटत. तिला स्वतःलाच नवल वाटायचं. तिच्या हातानं नकळत एक्कावन्नाशी जुळवून घेतलं होतं. ज्या हाताला या वयात शिकायचं नव्हतं, तो तिला न विचारता शिकला होता.

मग ती बाराव्यांदा त्या मोठ्या स्पर्धेला गेली. मी सहाही रॅकेटा नव्यानं ओढून दिल्या. पहिला सामना तीन तास चालला, जिंकली. दुसराही तीन सेट, जिंकली. उन्हाचे दिवस, लांबलचक रॅली, एकेक करत गट्स तुटत गेले. आता एकच सामना राहिला होता.

त्या सकाळी तिचा फोन आला. आमच्या घरात बाबांचा एक नियम होता. सामन्याच्या दिवशी खेळाडूशी रॅकेट, हात, पाय, समोरचा खेळाडू, यांतलं काहीही बोलायचं नाही. झोप झाली का, खाल्लंस का, एवढंच. कुंपणाला नाक लावून पोरांना सूचना देणारे आणि पोरांचा खेळ मातीत घालणारे बाप त्यांनी क्लबमध्ये रोज बघितले होते. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण नियम कुणी मोडला नव्हता. आईनं विचारलं झोप झाली का, मी विचारलं खाल्लंस का. ती आनंदात होती. म्हणाली, “दादा, इथलं गटिंगचं काउंटर बघायला पाहिजेस. सहा मशीनं एका ओळीत. तुझे सगळे गट्स तुटले म्हणून काल तीन रॅकेटा त्यांच्याकडं दिल्या. काय सुरेख बांधून दिल्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. छप्पन्न सांगितलं.”

माझ्या हातात फोन होता आणि शेजारी आई हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. छप्पन्न म्हणजे आता खरे छप्पन्न. वर्षभरात तिनं ज्याला हात लावला नव्हता असे. एवढंच म्हणायचं होतं, चिवे, एक रॅकेट परत दे आणि एक्कावन्न सांग. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तिच्या सामन्याला चार तास होते. पण मग का म्हणून सांगावं लागलं असतं. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या सकाळी तिला कळलं असतं, की वर्षभर ती जे खेळत होती ते तिला वाटत होतं ते नव्हतं आणि भाऊ चिठ्ठीवर खोटं लिहीत होता. मी मनाशी म्हणालो, पाच पौंडांनी काय होतंय, दोन गेममध्ये जमवून घेईल. आणि म्हणालो, “व्यवस्थित खा.” हे मी नियमामुळं केलं की घाबरून, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आता येतं.

ती हरली. पहिला सेट गेला, दुसरा तिनं चिवटपणावर ओढून आणला, तिसरा सात-पाच असा गेला. फोनवर तिचा आवाज अगदी साधा होता. “चेंडू आखूड पडत होते, दादा. सगळे. अर्ध्या कोर्टात. समोरचीनं आत येऊन खाल्ले.” मी म्हणालो, “कोपर?” ती मग म्हणाली, “हो. कोपर.”

घरी आल्यावर तिनं पिशवी दारात ठेवली, पण फळ्याबद्दल काही म्हणाली नाही. आठवड्याभरात संघटनेला पत्र लिहून ती निवृत्त झाली. सगळ्यांना कोपराचं कारण सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी हिशेब मांडला, तो असा. तिला वाटतंय कोपरानं घात केला. कोपरावर कुणी रागावत नाही. दुखणं होतं, हरली, संपलं, त्यात तिला कमीपणा काही नाही. खरं सांगितलं तर हातातोंडाशी आलेला घास भावानं काढून घेतला हे तिला कळणार आणि मिळणार काहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय माझ्या सैल गटिंगनं वर्षभर तरी कोपराला आराम पडला होता. माझ्या मनानं मला सोडून दिलं आणि मीही फार चौकशी केली नाही.

नऊ वर्षं झाली त्याला. चिवी आमच्याच क्लबमध्ये मुलांना शिकवते. टोपलीतून चेंडू काढून एकेक टाकत राहते, “पाय, पाय, पाय” असं ओरडत राहते, संध्याकाळी आईला घेऊन चालायला जाते. केस पिकलेत, रंगवत नाही. स्वतः मात्र कधी खेळत नाही. मेंबर लोक आग्रह करतात, एखादा सेट होऊ दे. ती कोपर दाखवते. मलाही वाटायचं, असेल दुखत.

गेल्या महिन्यात तिची एक विद्यार्थिनी, पंधरा वर्षांची, चांगली खेळते, उपांत्य सामन्यात पाच-दोन अशी पुढं असताना हरली. सामना संपल्यावर ती माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन रडत बसली. चिवी तिच्याजवळ बसली. माझी खिडकी बाकाच्या बरोबर मागं आहे. मी आत एका रॅकेटचे आडवे गट्स विणत होतो.

मुलगी म्हणाली, “ताई, मला काय झालं तेच कळलं नाही. हातच चालेना.”

“घाबरलीस,” चिवी म्हणाली. “त्यात लाजायचं काही नाही. भीती आधी हातात येते. हात आखडतो, मग चेंडू आखूड पडतात. मला माहितेय ना.”

“तुम्हाला?”

“माझी शेवटची मॅच तशीच गेली. सगळ्यांना सांगितलं कोपर दुखत होतं. दुखत होतं, पण तेवढं नव्हतं काही. चौदा वर्षं ज्याच्यासाठी घासली, ते समोर आलं आणि मी घाबरले. माझ्या घरीपण मी हे सांगितलेलं नाही. तू अजून लहान आहेस, तुझी जाईल भीती. माझ्या वेळी मात्र तो शेवटचाच सामना होता. म्हणून मी आता खेळत नाही. रॅकेट हातात घेतली की मला तीच मुलगी आठवते, जिला ऐन वेळी धीर झाला नाही.”

माझा चिमटा सुटला. उभे गट्ससुद्धा सैल पडले.

नऊ वर्षं मी समजत होतो की तिनं दोष कोपराला दिलाय. तिनं तो स्वतःला दिला होता. ज्या बाईनं आयुष्यात एक चेंडू सोडून दिला नाही, ती नऊ वर्षं स्वतःला भित्री समजत रोज त्याच कोर्टावर उभी राहत होती आणि मी वीस पावलांवर बसून चिठ्ठ्या चिकटवत होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटायची सोयही मला राहिली नव्हती, कारण त्या सकाळी फोन माझ्याच हातात होता.

संध्याकाळी ती चेंडूंची टोपली ठेवायला आत आली. मी म्हणालो, “चिवे, बस.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि बसली. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, पंचावन्न, चोपन्न, नवीन रीळ, चिठ्ठ्या, फोन. सांगताना मी तिच्याकडं न बघता मशीनकडं बघत होतो.

“किती होतं?” तिनं विचारलं. “शेवटी. जाताना तू बांधून दिलेलं.”

“एक्कावन्न.”

“आणि तिथं त्यांनी छप्पन्न ओढलं.”

“हो.”

ती उठली. दारात डोकं आपटू नये म्हणून वाकली, सवयीनं. म्हणाली, “फोनवर मी तुला सांगितलं होतं. छप्पन्न सांगितलं म्हणून सांगितलं होतं.” मी हो म्हणालो. “आणि तू म्हणालास, व्यवस्थित खा.”

ती गेली. तीन दिवस माझ्याकडं फिरकली नाही. वर्ग घ्यायची, टोपली कोर्टावरच ठेवून जायची. आईचा फोन आला, चिवी जेवते पण बोलत नाही, तू काय केलंस? माझ्या बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ती चांगली बाई आहे, एरवी इतकी गप्प बसत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, कोर्टं रिकामी असताना, चिवी आली. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज वर्गात असतो तसा होता.

“मला तो सामना पाठ आहे,” ती म्हणाली. “सगळा. मी एकेक चेंडू सांगते. तू फक्त सांगायचं, गटिंग की मी. आणि दादा, आता खोटं बोललास तर मी पुन्हा या जिन्याखाली पाऊल टाकणार नाही.”

“नाही बोलणार.”

तिनं सुरुवात केली. पहिला सेट, दोन-दोन, फोरहँड, चांगला पाय रोवून मारला होता, सर्व्हिसच्या रेषेपाशी पडला.

“गटिंग.”

त्याच गेममध्ये बॅकहँड, नेटमध्ये.

“गटिंग. एक्कावन्नावर तोच वर गेला असता.”

ती सांगत गेली. नऊ वर्षं हे सगळं ती डोक्यात घेऊन फिरत होती, सूर्य कुठं होता ते सुद्धा. एका चेंडूला मी म्हणालो, “हा तुझा. पाय पोचले नसतील.” ती म्हणाली, “नव्हतेच पोचले,” आणि पुढं गेली. असे तिचे सात-आठ निघाले, उशिरा धावलेले, आळसानं मारलेले, कुणाच्याही सामन्यात असतात तसे. तोवर भीतीचा एकही नाही. दुसऱ्या सेटनंतर तिचा आवाज बदलायला लागला. प्रत्येक ‘गटिंग’ला ती मान हलवायची, जणू कुणीतरी तिच्या पाठीवरची एकेक पिशवी उतरवून खाली ठेवत होतं. मधेच थांबून म्हणाली, “म्हणजे मी लढत होते.”

“तू लढत होतीस, चिवे. पाच पौंड उलटे घेऊन तिसरा सेट पाच-सहापर्यंत नेलास. माझ्या बघण्यातल्या दुसऱ्या कुणी नेला नसता.”

“नऊ वर्षं, दादा.”

“हो.”

“नऊ वर्षं मला वाटायचं, बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं.”

मी मशीनवरची धूळ पुसली. ती म्हणाली, “शेवटचा पॉइंट राहिलाय. माझी सर्व्हिस. पहिली नेटमध्ये.”

“गटिंग.”

“दुसरी?”

“कुठं पडली?”

“बाहेर. रेषेच्या वीतभर पलीकडं. डबल फॉल्ट.”

हीपण गटिंगच, असं म्हणायला जिभेला एक क्षण पुरला असता, आणि तिला त्याच क्षणी सगळ्यातून मोकळं करता आलं असतं. तिनं ते मानलंही असतं. मी म्हणालो, “ताठ गट्सनं चेंडू आखूड पडतो, चिवे. लांब जात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती तुझी.”

तिनं हात मांडीवर उलटा ठेवला आणि तळव्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हो. तेव्हा घाबरले होते. चेंडू वर उडवला तेव्हा हात थरथरला होता, मला आठवतंय. तेवढी माझीच.” आणि तिला हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि ती मला विचारत राहिली, “भीतीची एकच ना, दादा? सगळ्या सामन्यात एकच ना?”

“एकच,” मी म्हणालो. “एकच, चिवे.”

“एक चालते,” ती म्हणाली.